पाहा : कापूस

डिसेंबरात सरकार मुंबईहून आमच्या नागपुरात येतं.
फायलींचे ट्रक, मफलर, मोर्चे,
आणि आम्हा प्रतिवेदकांना दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या.
कोण काय बोललं ते लिहायचं.
कंसात : हशा. कंसात : गोंधळ.
कोण हसलं, का हसलं, ते लिहायचं नसतं.

दोन पाळ्यांच्या मध्ये मी तळघरातल्या जुन्या खंडांपाशी जाते.
वाळवीनं अर्धं खाऊन सोडलेलं विलायतेचं कामकाज.
तिथंच मला टोबायस हेपवर्थ भेटला.

अठराशे सत्तेचाळीस.
लँकेशायरच्या एका गिरणीगावातून चौसष्ट मतांनी निवडून.
पहिलं भाषण गटारांवर.
पुढं तीन वर्षं नुसतं यादीत नाव,
कधी होकाराच्या रांगेत, कधी नकाराच्या.
चोपन्न साली आमचं राज्य खालसा झालं,
आणि त्याच मार्चात तो बोललेला दिसला.
मी घाईनं पान उलटलं.
विषय : कुत्र्यांवरचा कर.

मग अमेरिकेत लढाई पेटली, त्याच्या गावचे भोंगे थांबले,
आणि हा माणूस एकदम जागा झाला.
हिंदुस्थानच्या पोटात काळी माती आहे, म्हणाला,
तिथवर रूळ का नाहीत? (ऐका, ऐका)
नकाशा नव्हता. त्यानं हातरुमाल पसरला
आणि मधोमध बोट ठेवलं.
ते आम्ही.

सदुसष्ट साली गाडी आली.
सोमाजी सोनकुसरे, माझ्या आजोबांचे आजोबा,
पोराला खांद्यावर बसवून ती पाहायला गेले होते म्हणे.
जाताना गाठी गेल्या, येताना थानं आली.
कोष्टीपुऱ्यात पुढं काय झालं
ते आमच्या घरी कोणी भाषणासारखं सांगत नाही.
बावा एवढंच म्हणायचे,
"माग काही इकला नाही आपन. भिंतीले टेकवून ठेवला."

मी सूची काढली.
नागपूर, पाहा : कापूस.
कापूस, पाहा : हेपवर्थ.
हेपवर्थ, पाहा : गटारे, कुत्रे, कापूस.
कोष्टी शोधले.
त्यांच्या के अक्षराखाली राजवाड्याची स्वयंपाकघरं होती,
चाकू होते.

मला त्याचा राग यायला हवा होता. येतही होता.
पण एका रात्री, पावणेदोनला,
बाकांवर अकरा जण उरलेले असताना,
शिक्षणाच्या कसल्याशा विधेयकावर बोलता बोलता
तो म्हणाला, माझे वडील हातमागावर बसायचे.
गिरणी आली तेव्हा त्यांनी माग उभा करून भिंतीला टेकवला
आणि आयुष्यभर त्याच्याकडे पाठ करून जेवले.
या वाक्यापुढं कंस नाही.
माझ्यासारखाच कोणी लेखणी धरून बसला असेल वर.
त्यानं हे ऐकलं, लिहिलं, आणि पुढं गेला.

बावा, ऐकता ना?

शेवटची सालं ओळीत संपतात.
खोकल्यानं भाषण तुटतं, मागच्या बाकावर कोणी त्या खोकल्याची नक्कल करतो.
(हशा)
तिथं राजीनामा देता येत नाही,
राजाकडची एक खोटी चाकरी पत्करावी लागते
म्हणजे आपोआप सुटका.
हेपवर्थनं ती पत्करली.
न केलेल्या नोकरीवर तो निवृत्त झाला.

चार वाजून दहाला माझी पाळी.
एक आमदार उठले, पूर्व नागपूरकडचे,
हातमाग संस्थेच्या थकलेल्या मजुरीवर.
मंत्री म्हणाले, माहिती मागवून पटलावर ठेवू.
आमदार म्हणाले, अध्यक्ष महोदय, मागच्या हिवाळ्यातही
हीच माहिती मागवली होती.
मी लिहिलं : (हशा)
आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
लिहिता लिहिता मान वर केली,
कोण हसलं ते पाहायला.

मधे खांब येत होता.